नाव नसलेल्या पांढऱ्या दोऱ्या : एका चिनी वैद्यकीय शब्दाची जन्मकथा

१/
चिनी भाषेत मज्जातंतूला ‘शेनजिंग’ म्हणतात. शब्द दोन अक्षरांचा. दोन्ही अक्षरे प्राचीन, दोन्ही चिनी वैद्यकाच्या गाभ्यातली. तो उसना असावा अशी शंका घ्यायला वरवर पाहता काहीच आधार दिसत नाही. तरीही या अर्थाने हा शब्द चीनमध्ये जन्मलेला नाही. जपानमधील काही वैद्यांनी, जेमतेम समजणाऱ्या एका डच पुस्तकाचा अर्थ लावताना तो घडवला आणि सव्वाशे वर्षांनी तो समुद्र ओलांडून चीनमध्ये पोहोचला. त्या प्रवासाची ही हकिकत.

२/
साल १७७१, वसंत ऋतू. एदो, म्हणजे आजचे टोकियो. शहराबाहेरच्या कोझुकाहारा येथील वधस्थळी एका स्त्रीला मृत्युदंड दिला गेला होता. वय पन्नासच्या आसपास. तिचे खरे नाव नोंदले गेले नाही. लोक तिला ‘आओचाबाबा’, म्हणजे ‘हिरव्या चहाची म्हातारी’ म्हणत. तिचे शवविच्छेदन पाहण्याची परवानगी काही वैद्यांना मिळाली होती. त्यांत सुगिता गेन्पाकु आणि माएनो रियोताकु हे दोघे होते.

३/
दोघांनी आपापल्या जवळचे एक पुस्तक बाहेर काढले, तेव्हा दोघेही चकित झाले. पुस्तक एकच होते. डान्झिगचे वैद्य योहान आडाम कुल्मुस यांनी १७२२ मध्ये जर्मन भाषेत लिहिलेल्या शरीररचनेच्या तक्त्यांचा १७३४ चा डच अनुवाद. परकीयांना जवळजवळ बंद असलेल्या जपानमध्ये युरोपातून फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर राहण्याची मुभा होती. त्याच वाटेने हे पुस्तक आले होते. सुगितांना त्यातली अक्षरेही ओळखता येत नव्हती. चित्रे मात्र दिसत होती.

४/
सुरी वैद्यांच्या हाती नव्हती. प्रेताला हात लावणे विटाळाचे मानले जाई आणि ते काम ‘एता’ म्हणून बहिष्कृत ठरवलेल्या समाजाकडे सोपवलेले असे. त्या दिवशी ते करणारा माणूस नव्वद वर्षांचा होता. त्याने हृदय, यकृत, पित्ताशय, जठर एकेक करून दाखवले. मग आणखी काही भागांवर बोट ठेवून तो म्हणाला, यांना नाव नाही. पण तरुणपणापासून जेवढी शरीरे उघडली, त्या प्रत्येकात हे होतेच. आजवर आलेल्या एकाही वैद्याने त्यांच्याबद्दल विचारले नव्हते. डच चित्रांशी ताडून पाहिल्यावर कळले, त्या धमन्या, शिरा आणि अधिवृक्क ग्रंथी होत्या.

५/
या कथेचे मर्म इथेच आहे. त्या वृद्धाच्या हातांना जे आयुष्यभर ठाऊक होते, त्याला भाषेत जागा नव्हती. पूर्व आशियाचे वैद्यक चिनी ग्रंथांवर उभे होते. त्या ग्रंथांत पाच भरीव आणि सहा पोकळ अवयव होते, ‘ची’ नावाचा प्राणप्रवाह होता आणि तो वाहून नेणाऱ्या ‘जिंगमाइ’ नावाच्या वाटा होत्या. मेंदू आणि मणक्यातून निघणाऱ्या पांढऱ्या दोऱ्यांसाठी मात्र वेगळे नाव नव्हते. उघडे शरीर चिनी आकृत्यांशी जुळले नाही. डच चित्रांशी तंतोतंत जुळले. घरी परततानाच या वैद्यांनी ठरवले की हे पुस्तक आपल्या भाषेत आणायचे. काम दुसऱ्याच दिवशी रियोताकुंच्या घरी सुरू झाले.

६/
अडचण एवढीच होती की कोणालाही डच येत नव्हते. रियोताकुंना काही शेकडा शब्द येत होते आणि उपयोगी पडेल असा शब्दकोश हाताशी नव्हता. सुगितांनी म्हातारपणी, १८१५ मध्ये लिहिलेल्या आठवणींत सांगितले आहे की भुवई म्हणजे काय हे सांगणाऱ्या एका साध्या वाक्यावर वसंतातला एक अख्खा लांबलचक दिवस गेला. महिन्यातून सहा-सात बैठका, अकरा वेळा पुनर्लेखन. अखेर १७७४ मध्ये मजकुराचे चार आणि चित्रांचा एक असे पाच खंड छापले गेले. ग्रंथाचे नाव ‘काइताइ शिन्शो’, म्हणजे शवविच्छेदनाचा नवा ग्रंथ.

७/
हा ग्रंथ बोलीच्या जपानीत नव्हता. तो अभिजात चिनी भाषेत लिहिला होता. भारतातील शास्त्री एकेकाळी संस्कृतात लिहीत आणि काशी ते तंजावर कोठेही वाचले जात, तसेच स्थान पूर्व आशियात अभिजात चिनीला होते. सुगितांच्या मनात आणखी एक आशा होती. तातेबे सेइआन या वैद्यांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी तिचा उल्लेख केला आहे : नशिबाने हा ग्रंथ चीनपर्यंत गेलाच, तर तेथे वाचता यावा म्हणून तो चिनीत लिहिला. त्या वेळी ही आशा धाडसाचीच होती. ज्ञान शतकानुशतके चीनहून जपानकडे वाहत आले होते. उलट दिशेने नव्हे.

८/
नव्या शब्दांसाठी अनुवादकांनी तीन वाटा आखल्या आणि त्या ग्रंथाच्या आरंभीच नोंदवल्या. पहिली : प्रतिशब्द असेल तर तोच घ्यायचा, हाडाला हाड. दुसरी : प्रतिशब्द नसेल, पण अर्थ उलगडत असेल तर अर्थावरून शब्द घडवायचा. डचमधल्या ‘क्राकबेन’मध्ये ‘क्राक’ हा उंदराने काही कुरतडावे तसा आवाज आहे असे त्यांनी मानले, त्यावरून ठिसूळपणा, मऊपणा आणि अखेर ‘मऊ हाड’ हा शब्द ठरवला. कूर्चेसाठी तोच शब्द आज चिनीतही चालतो. तिसरी : शब्दही नाही, अर्थही लागत नाही, तर उच्चार तेवढा जपायचा. ‘क्लीर’ म्हणजे ग्रंथी. तिचे ‘किरिरु’ झाले.

९/
मग आला डच शब्द ‘झेनू’. सुगितांनी लिहिले की ही वस्तू पांढरी आणि चिवट आहे, मेंदू व पाठीच्या कण्यातून निघते, पाहणे, ऐकणे, हालचाल आणि वेदना हिच्यामुळे होतात. आणि चिनी वैद्यांनी ती सांगितलेली नाही. इथे पहिली वाट बंद होती. तिसरीने गेले असते तर ‘झेनू’चा नुसता ध्वनी उरला असता. त्यांनी दुसरी वाट धरली आणि दोन अक्षरे जोडली. जपानी उच्चार ‘शिंकेइ’, चिनी उच्चार ‘शेनजिंग’.

१०/
‘शेन’ म्हणजे चैतन्य, जाणिवेची सूक्ष्म शक्ती. ‘जिंग’ म्हणजे शरीरातील प्रवाहाची वाट. ‘शेनची’ आणि ‘जिंगमाइ’ या जुन्या जोडशब्दांतून एकेक अक्षर उचलून नवा शब्द बांधला गेला : चैतन्य जिथून वाहते ती वाट. ‘जिंग’चा मूळ अर्थ मागावरचा ताणा, उभे धागे. पुढे त्याचा अर्थ आदरणीय ग्रंथ असाही झाला आणि बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा ‘सूत्र’ या संस्कृत शब्दासाठी हेच अक्षर वापरले गेले. सूत्र म्हणजे तरी धागाच. चिनी साहित्यात ‘शेनजिंग’ ही जोडी पूर्वी क्वचित आढळते, ती गूढ ग्रंथ या अर्थाने. शरीराशी तिचा संबंध नव्हता.

११/
या निवडीत एक विरोधाभास दडलेला आहे. चिनी वैद्यांनी न सांगितलेली गोष्ट सांगण्यासाठी त्यांच्याच वैद्यकातली दोन लाडकी अक्षरे वापरली गेली. जुन्या चिनी मतानुसार ‘शेन’चे घर हृदयात, नव्या शब्दाने तेच ‘शेन’ मेंदूतून निघणाऱ्या दोऱ्यांत नेऊन ठेवले. अक्षरे जुनीच राहिली, पण त्यांच्याखालचे शरीर बदलले. वाचकाला शब्द ओळखीचा वाटला आणि त्या ओळखीच्या दारातून एक अनोळखी शास्त्र घरात आले.

१२/
याचा अर्थ चीनमध्ये कोणी शोधलेच नाही असा नाही. सतराव्या शतकात योहान श्रेक या जेझुइट पंडिताच्या चिनी ग्रंथात मज्जातंतूंना ‘बारीक शिरस्नायू’ अशा अर्थाचे नाव मिळाले होते. ते फार पसरले नाही. १७९७ मध्ये लुआनझोउ येथे साथीत दगावलेल्या मुलांची उघड्यावर पडलेली प्रेते वांग चिंगरेन हे वैद्य दिवसामागून दिवस जाऊन पाहत राहिले. १८३० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी जुन्या आकृत्यांतील चुका मांडल्या आणि स्मृती हृदयात नसून मेंदूत असते असे लिहिले.

१३/
१८५१ मध्ये ग्वांगझोउ येथे इंग्रज मिशनरी वैद्य बेंजामिन हॉब्सन यांनी शरीररचनेवर चिनी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा शब्द होता ‘नाओचीजिन’ : मेंदूच्या ‘ची’चा स्नायुबंध. हा ग्रंथ गाजला आणि १८५७ मध्ये जपानमध्येही छापला गेला. म्हणजे ‘शिंकेइ’ जपानमध्ये रुळल्यानंतरही चिनी पर्याय तेथे पोहोचला होता. दोन शब्द समोरासमोर आले होते. कोण टिकणार हे तेव्हा ठरलेले नव्हते.

१४/
श्रेक आणि हॉब्सन दोघांनाही ‘स्नायुबंध’ का आठवला? कारण युरोपीय शब्दांचे मूळच तसे आहे. ग्रीक ‘नेउरोन’चा जुना अर्थ स्नायुबंध किंवा धनुष्याची दोरी. चिवट, पांढऱ्या दोऱ्या दिसायला सारख्या. फरक पुढे कळला. संस्कृतमधील ‘स्नायु’ हा या ‘नेउरोन’चाच भाषिक भाऊबंद. संस्कृत वैद्यकात तो शरीर बांधून ठेवणारा बंध. बंगालीत तो आज मज्जातंतू, तर मराठीत मांस आकुंचित करणारा अवयव. मराठीने मज्जातंतूसाठी वेगळा शब्द घडवला आणि त्यातही ‘तंतू’ आलाच. प्रत्येक भाषा या वस्तूपाशी दोरा हातात घेऊनच गेली.

१५/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिनी विचारवंतांनाही या शब्दाची गरज भासू लागली. सुधारणावादी तान सितोंग यांनी विजेची आणि मेंदूची तुलना करताना हॉब्सनचाच शब्द वापरला. हक्सलेच्या उत्क्रांतिविषयक व्याख्यानांचे चिनी रूपांतर १८९८ मध्ये प्रसिद्ध करणारे यान फू यांनी इंग्रजी ‘नर्व्ह’चा ध्वनी धरून ‘न्येफू’ असा शब्द योजला. शोभिवंत, पण अर्थाने मुका.

१६/
निकाल लावला तो शास्त्राबाहेरच्या घटनेने. १८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनचा पराभव केला. ज्याला शिष्य मानले, त्याच्याकडूनच शिकण्याची वेळ आली. १८९६ मध्ये चीनने तेरा विद्यार्थी जपानला पाठवले. दहा वर्षांत ही संख्या हजारोंवर गेली. जपानी वैद्यकशास्त्र तोवर जर्मन पद्धतीवर उभे राहिले होते, पण त्याची परिभाषा चिनी अक्षरांत होती. चिनी विद्यार्थ्याला जपानी उच्चार आला नाही तरी पुस्तकातली संज्ञा डोळ्यांनी वाचता येत होती.

१७/
या विद्यार्थ्यांपैकी एक पुढे आधुनिक चिनी साहित्याचा अग्रणी ठरला : लू शुन. १९०४ मध्ये सेन्दाइच्या वैद्यकीय विद्यालयात ते दाखल झाले. फुजिनो गेन्कुरो हे शिक्षक त्यांच्या वह्या आठवड्याला मागवून घेत आणि लाल शाईने भाषेच्या चुकांसह सारे दुरुस्त करून परत देत. हे अस्थी, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू हे तिन्ही विषय संपेपर्यंत चालले, असे लू शुन यांनी १९२६ च्या आठवणींत लिहिले आहे. लू शुन यांनी वैद्यक अर्ध्यावर सोडले. परंतु अशाच वह्यांतून ‘शिंकेइ’ चिनी हातांनी लिहिला जाऊ लागला आणि ‘शेनजिंग’ म्हणून वाचला जाऊ लागला. दिंग फूबाओ यांच्यासारख्या अनुवादकांनी जपानी वैद्यकीय पुस्तके मोठ्या संख्येने चिनीत आणली आणि त्यांबरोबर संज्ञाही आल्या.

१८/
हे सर्वांना रुचले नाही. पराभवाची जखम ताजी असताना विजेत्याचे शब्द वापरणे अनेकांना बोचत होते. वरिष्ठ अधिकारी झांग झीदोंग यांच्याविषयी एक किस्सा सांगितला जातो. एका मसुद्यात ‘आरोग्य’ या अर्थाचा जपानी वळणाचा शब्द पाहून त्यांनी चिडून शेरा मारला की ही जपानी संज्ञा आहे, ती वापरणे संतापजनक आहे. हाताखालच्या माणसाने नम्रपणे दाखवून दिले की शेऱ्यातला ‘संज्ञा’ हा शब्दही जपानहूनच आला आहे. किस्सा खरा असो वा रचलेला, त्यातली कोंडी खरी होती. नकार देण्यासाठीही उसनेच शब्द लागत होते.

१९/
१९१३ मध्ये चिनी प्रजासत्ताकाने शवविच्छेदनाला कायदेशीर मान्यता दिली. त्यासाठी झटणाऱ्यांत जपानमध्ये शिकलेले तांग अरहे हे वैद्य होते. १९१६ पासून शांघायमध्ये वैद्यकीय संज्ञा ठरवणारी समिती बसू लागली. एका बाजूला वर्षानुवर्षे स्वतःची परिभाषा घडवणारे मिशनरी वैद्य, दुसऱ्या बाजूला जपानमधून शिकून आलेले चिनी वैद्य. मिशनरींनी काही संज्ञांसाठी जुन्या कोशांतली विस्मृतीत गेलेली अक्षरे शोधून काढली होती; विद्यार्थ्यांच्या हातात मात्र जपानी वळणाची पुस्तके होती. ‘नाओचीजिन’ आणि ‘न्येफू’ मागे पडले, ‘शेनजिंग’ राहिला.

२०/
विजयाचे एक कारण शब्दाच्या बांधणीतही होते. दोन अक्षरांचा ‘शेनजिंग’ कुठल्याही नव्या संज्ञेपुढे सहज जोडता येई : मज्जासंस्था, मज्जातंतूचे दुखणे, मज्जातंतूची दुर्बलता. शिवाय त्याच्या अंगावर परकेपणाची खूण नव्हती. ‘न्येफू’ ऐकताच परदेश आठवे. ‘शेनजिंग’ ऐकताच जुने वैद्यक आठवे. उसनेपण ज्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही, तो शब्द लवकर घरचा होतो.

२१/
आणि ‘किरिरु’? १७७४ मध्ये ज्या ग्रंथीला अर्थ सापडला नव्हता, तिच्यासाठी उदागावा गेन्शिन यांनी १८०५ च्या ग्रंथात चक्क नवे अक्षर तयार केले : ‘मांस’ आणि ‘झरा’ यांची जोडणी. जपानीत त्याचा उच्चार ‘सेन’. चीनमध्ये कधीच नसलेले हे अक्षर चीनने स्वीकारले आणि त्याला ‘शियेन’ असा उच्चारही दिला. गेन्शिन यांनी स्वादुपिंडासाठीही एक अक्षर घडवले. ते जपानमध्ये आजही चालते, चीनने मात्र आपले वेगळे अक्षर ठेवले. उसनवारी आंधळी नव्हती. ती पारखून केलेली होती.

२२/
शब्द एकदा आला की तो पाहुण्यासारखा वागत नाही. आज चीनच्या रुग्णालयांत ‘शेनजिंग’ विभाग असतात. बोलीत मात्र ‘शेनजिंगबिंग’, शब्दशः ‘मज्जातंतूंचा आजार’, ही वेडसरपणाची शिवी झाली. उलट ‘मज्जातंतूची दुर्बलता’ हे निदान विसाव्या शतकात असंख्य लोकांना सुसह्य वाटले. मन आजारी आहे म्हणण्यापेक्षा नसा थकल्या म्हणणे कमी लाजिरवाणे होते. १९८० मध्ये आर्थर क्लाइनमन यांनी चांगशा येथे असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले. त्यांपैकी ८७ जणांत नैराश्याची लक्षणे आढळली. सुगितांनी ‘शेन’ हे अक्षर निवडले नसते, तर मन आणि नस यांची ही गुंतागुंत कदाचित वेगळी दिसली असती.

२३/
सुगितांचा ग्रंथ चीनला शिकवू शकला नाही. पण त्यातला शब्द पोहोचला. चिनी अक्षरे जपानला गेली, डच पुस्तकाचा अर्थ पोटात घेऊन परत आली आणि मूळ घरी नव्या अर्थाने राहू लागली. त्यामुळे ‘शेनजिंग’ चिनी की जपानी की डच, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही.

२४/
या प्रवासातली बहुतेक नावे इतिहासाने जपली : कुल्मुस, सुगिता, रियोताकु, हॉब्सन, दिंग फूबाओ. दोन नावे मात्र राहून गेली. एक, जिच्या शरीरावर हे सारे ताडून पाहिले गेले ती ‘हिरव्या चहाची म्हातारी’. दुसरे, त्या नव्वद वर्षांच्या माणसाचे. सुगितांच्या आठवणींत तो केवळ ‘तोरामात्सुचा आजोबा’ म्हणून येतो. ‘यांना नाव नाही, पण हे प्रत्येक शरीरात असतातच,’ हे प्रथम त्याने सांगितले. त्याने दाखवलेल्या भागांना पुढे नावे मिळाली, तीच नावे दोन देशांच्या पाठ्यपुस्तकांत गेली. त्याला स्वतःला मात्र मिळाले नाही.

(समाप्त)